रिकाम्या भोकाची साक्ष

1920 साली न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद फ्रेड अल्बी आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड मॉरिसन यांनी सशांवर केलेला एक प्रयोग ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सशाच्या पुढच्या पायातल्या रेडियस या हाडाचा तुकडा कापून काढायचा आणि उरलेल्या फटीत कॅल्शियम फॉस्फेट सोडायचे, असा तो प्रयोग होता. तुलनेसाठी काही फटींत काहीच घातले नव्हते. कॅल्शियम फॉस्फेट मिळालेली हाडे सरासरी दहाएक दिवस आधी सांधली गेली. कृत्रिम बोन ग्राफ्टचा इतिहास सांगताना हा प्रयोग आरंभबिंदू मानतात, आणि तो मान योग्यच आहे. हाडाच्याच जातीचे रसायन बाटलीतून काढून हाडात घालण्याचा विचार इथे पहिल्यांदा नीट कसोटीला लागला. पण त्या निबंधातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या फटींत काहीच घातले नव्हते, त्याही भरून आल्या होत्या. अल्बींनी हाड सांधण्याचा वेग मोजला. ते पदार्थाविना सांधलेच नसते का, हा प्रश्न त्यांच्या प्रयोगाला विचारताच येत नव्हता, कारण सशाच्या हाडाने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले होते. पुढची पासष्ट-सत्तर वर्षे हाच प्रश्न मागे राहिला. माझे म्हणणे असे की, कृत्रिम हाडाच्या इतिहासातला निर्णायक शोध कोणत्याही पदार्थाचा नाही. प्राण्याच्या कवटीत मुद्दाम पाडलेल्या आणि मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या भोकाला साक्षीला बोलावले गेले, तेव्हा या क्षेत्रात खऱ्या-खोट्याची निवड सुरू झाली.

आधीच्या काळाकडे पाहिले की ही निवड किती अवघड होती ते कळते. डच शल्यवैद्य योब फान मीकरेन यांच्या 1668 साली छापलेल्या ग्रंथात मॉस्कोच्या एका रशियन उमरावाची हकीकत आहे. त्याच्या कवटीचा फुटलेला भाग कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने भरला. जखम बरी झाली, पण जनावराचे हाड डोक्यात बाळगणाऱ्याला चर्चने बहिष्कृत केले, आणि तो तुकडा काढून घ्या म्हणून हा गृहस्थ परत आला तेव्हा तो निघण्याच्या पलीकडे गेला होता. हकीकत ऐकीव आहे, मीकरेन यांनी स्वतः पाहिलेली नाही. ती खरी धरली तरी तिथे बरे कोणी केले, कुत्र्याच्या हाडाने की रुग्णाच्या स्वतःच्या हाडाने, हे ठरवायला काहीच आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही स्थिती फारशी वेगळी नव्हती. अमेरिकेत निकोलस सेन यांनी 1889 मध्ये आम्लाने क्षार काढून टाकलेले गुरांचे हाड वापरून पोकळ्या भरल्या. जर्मनीत ड्रीसमान यांनी 1892 मध्ये चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरले. दोघांनाही बरे झालेले रुग्ण दाखवता आले. मात्र सडलेला भाग खरवडून, निर्जंतुक करून स्वच्छ केलेली पोकळी ही आधीच अर्धी बरी झालेली पोकळी असते. त्याच दशकात आर्थर बार्थ यांनी प्राण्यांच्या कवटीतून काढलेली चकती पुन्हा जागेवर बसवली आणि नंतर ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बाहेरून चकती उत्तम रुजलेली दिसत होती, आत मात्र तिच्यातल्या पेशी मेल्या होत्या आणि भोवतालचे जिवंत हाड तिला हळूहळू गिळून तिची जागा घेत होते. प्राण्याचे स्वतःचे, ताजे हाडसुद्धा रुजल्यासारखे दिसून फसवू शकते, तर परक्या पदार्थाच्या यशाबद्दल किती सावध राहायला हवे, हे बार्थ यांच्या काचपट्ट्यांनी सांगून ठेवले होते.

या इशाऱ्याचा पहिला स्पष्ट वारसदार म्हणून मला जे. अल्बर्ट की यांचे नाव घ्यावेसे वाटते. अमेरिकेतल्या या शल्यविशारदाने 1934 मध्ये हाडाच्या जखमेत कॅल्शियमचा साठा ठेवून पाहिला आणि अल्बींच्या आशेला त्यांचे प्रयोग दुजोरा देईनात. त्याहून मोलाचे त्यांचे दुसरे निरीक्षण. कुत्र्याच्या लांब हाडातून त्या हाडाच्या जाडीच्या दीडपट लांबीचा तुकडा काढला, तर ते आपणहून सांधत नाही. शरीराच्या दुरुस्तीच्या ताकदीला एक मोजता येणारी हद्द आहे आणि पदार्थाची परीक्षा त्या हद्दीच्या पलीकडेच घेतली पाहिजे, हा पुढच्या सगळ्या कामाचा पाया त्या एका मापात होता. पण तो कोणी उचलला नाही. पुढची दशके पदार्थ शोधणाऱ्यांची झाली, आणि ती मोठ्या मानाची माणसे होती. लॉस एंजलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये क्षार काढलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत पुरले, आणि जिथे हाडाचा संबंधच नाही अशा मांसात नवे हाड उगवलेले दाखवले. रिकाम्या जागेने आपणहून हाड केले असेल ही शंका तिथे येऊच शकत नव्हती, आणि म्हणूनच तो प्रयोग आजही इतका भक्कम वाटतो. फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या प्रश्नावरून शरीर झिडकारणार नाही अशी काच बनवायला घेतली. 1969 मध्ये ती उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली, तर सहा आठवड्यांनी ती हाडातून सुटेना. काच हाडाला चिकटते, हा थोर निष्कर्ष. पण काच हाडाला चिकटणे आणि काचेमुळे हाड वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात त्या पुढे सर्रास एक होऊन गेल्या.

बाजाराची घाई समजण्यासारखी होती. रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून वापरणे ही उत्तम पद्धत, पण तिथे दुसरी जखम होते, ती महिनोन्महिने दुखते आणि हाडही मोजकेच मिळते. दुसऱ्या माणसाच्या हाडावर भिस्त ठेवावी, तर 1988 मध्ये अशा हाडातून एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद अमेरिकेत झाली. तोवर हायड्रॉक्सीॲपटाइटचे दाणे, पोवळ्याच्या सांगाड्याचे रासायनिक रूपांतर करून केलेले ठोकळे, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, काचेची पूड असे पदार्थ एकापाठोपाठ येत होते. प्रत्येक गटाकडे आपापला प्राणी होता, आपापल्या मापाचे भोक होते आणि अर्थातच आपापले यश होते. दोन-तीन मिलिमीटरचे भोक उंदराने स्वतःच बरेचसे बुजवले तरी श्रेय आत ठेवलेल्या दाण्यांना जाई. या गोंधळात अमेरिकी लष्कराच्या दंतसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या जॉन श्मिट्झ आणि जेफ्री हॉलिंजर यांनी 1986 मध्ये एक व्याख्या मांडली. एखाद्या जातीच्या प्राण्याच्या एखाद्या हाडातली सर्वांत लहान अशी जखम, जी त्याच्या सबंध आयुष्यात आपणहून भरून येत नाही, तिला त्यांनी निर्णायक आकाराचे भोक मानले. चेहरा आणि कवटी उद्ध्वस्त झालेले सैनिक डोळ्यांसमोर असणाऱ्या संस्थेत ही व्याख्या जन्मावी हे ओघानेच आले. अशा जखमांत आपोआप भरून येण्याची आशा नसतेच. 1990 मध्ये हॉलिंजर आणि क्लाइनश्मिट यांनी ती थोडी मोजमापात बसवली. आयुष्यभरात दहा टक्क्यांहून कमी हाड ज्या भोकात तयार होते ते निर्णायक. कवटीसाठी उंदराला 8 मिलिमीटर, सशाला 15, कुत्र्याला 20, माकडाला 15, अशी मापे रूढ झाली.

उंदराच्या कवटीत 8 मिलिमीटर म्हणजे किती, हे जवळून पाहिल्याशिवाय या मापाचा कठोरपणा कळत नाही. गुंगीत असलेल्या उंदराच्या डोक्यावर मधोमध छेद घेऊन कातडी बाजूला करतात, हाडावरचे पातळ आवरण खरवडून सोडवतात. समोर येते ती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, जवळजवळ पारदर्शक कवटी. पोकळ गोल दातेरी पाते असलेले ट्रिफाइन मंदगतीच्या यंत्रावर लावून हाड कापतात आणि सलाइनची धार सतत सोडत राहतात, कारण घर्षणाच्या उष्णतेने कडेच्या पेशी मेल्या तर भोक न भरण्याचे खापर चुकीच्या ठिकाणी फुटेल. शेवटच्या थराशी हात थांबतो. हाडाच्या खाली ड्युरा हे मेंदूचे चिवट आवरण आहे, आणि 8 मिलिमीटरचे भोक कवटीच्या बहुतेक रुंदीला व्यापत असल्यामुळे मधल्या रेषेखालची रक्ताची मोठी शीरही त्याच जागी येते. चकती हलकेच उचलायची. ड्युरा फाटली तर तो उंदीर गणनेतून बाद. मग एका गटाच्या भोकात पदार्थ ठेवून आवरण आणि कातडी शिवतात, आणि दुसऱ्या गटात काहीही न ठेवता तेच टाके घालतात. चार, आठ, बारा आठवड्यांनी कवट्या तपासल्या जातात. रिकाम्या भोकात कडेने थोडी हाडाची किनार वाढलेली असते, आणि मध्ये पातळ तंतुमय पडदा.

कवटीच का, असा प्रश्न रास्त आहे. तिच्यावर चालण्या-धावण्याचा भार येत नाही. मग इथे टिकलेला पदार्थ पायाच्या हाडात टिकेल याची हमी काय? हमी नाहीच, आणि कवटीच्या प्रयोगातून ती काढणे चूक आहे. पण भार नसणे हाच एका अर्थी या जागेचा गुण आहे. पायाच्या हाडात फट ठेवायची तर पट्टी आणि स्क्रू लावावे लागतात, आणि ते जरा सैल झाले की निकाल बिघडतो. कवटीचे भोक स्वतःच्या कडेवर स्थिर असते. शिवाय कवटीच्या हाडाला रक्तपुरवठा तुलनेने कमी, स्नायूंचे वेष्टण कमी. तिथे जो पदार्थ हाड घडवतो त्याने काहीतरी कमावलेले असते. मात्र ही जागा वाटते तितकी मुकी नाही, हेही याच काळात उघड झाले. ताकागी आणि युरिस्ट यांनी 1982 मध्ये उंदराच्या कवटीच्या भोकात हाड घडवणारे प्रथिन वापरताना ड्युराचा प्रतिसाद तपासला होता. तान्ह्या मुलांच्या कवटीतली मोठी भोकेसुद्धा भरून येतात, हे मेंदूचे शल्यविशारद जाणत होते, आणि त्यातही ड्युराचा मोठा वाटा असतो. म्हणजे कोवळ्या उंदरावर प्रयोग केला की अर्धे काम ड्युरा करून देते. आणि 1991 मध्ये स्वीडनमधल्या योटेबोरीच्या डालिन, लिंडे व सहकाऱ्यांनी तर भोकात कसलाही पदार्थ न भरता, फक्त टेफ्लॉनच्या सच्छिद्र पडद्याने ते झाकून ठेवले. मऊ ऊतींना आत शिरता आले नाही आणि हाडाला कडेने सरकायला निवांत वेळ मिळाला. भोक हाडाने भरले. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रयोग. त्याआधी दाण्यांच्या आणि ठोकळ्यांच्या नावावर जमा झालेल्या यशातला काही भाग निव्वळ जागा अडवून धरण्याचा होता का, हा प्रश्न त्याने कायमचा उभा केला, आणि तो पडद्याशिवायच्या रिकाम्या भोकाशी तुलना केल्यामुळेच उभा राहू शकला.

मोजणीतही अशीच फसगत होत होती. हायड्रॉक्सीॲपटाइट हे हाडाच्याच खनिजाचे भावंड, त्यामुळे क्ष-किरणांत ते हाडासारखेच पांढरे दिसते. भोकात दाणे भरले की पहिल्याच दिवशी ते ‘भरलेले’ दिसणार. 1989 नंतर मायक्रो-सीटीने हाडाचे त्रिमितीय चित्र मिळू लागले, पण कोणत्या छटेपासून पुढे हाड मानायचे हा आकडा शेवटी माणूसच ठरवतो, आणि तो जरा खाली आणला की पदार्थाच्या कडाही नव्या हाडात जमा होतात. म्हणून कवटीचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला पर्याय नाही, आणि तिथे एक फार जुनी युक्ती मदतीला येते. लंडनचे जॉन बेल्चियर यांनी 1736 मध्ये नोंदवले होते की, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या रंगाच्या मुळ्या खाल्लेल्या डुकरांची हाडे लाल होतात. फ्रान्समध्ये द्युआमेल द्यू मोन्सो यांनी हाच रंग अधूनमधून खायला घालून हाडांत लाल-पांढरे थर उमटवले आणि हाड कुठे, कधी वाढले याची जणू तारीखवार वही मिळवली. त्या मुळ्यांतला ॲलिझरिन हा रंग आणि त्याच्यासारखी चमकणारी द्रव्ये आजही प्रयोगातल्या प्राण्यांना टोचतात. ज्या दिवशी टोचले त्या दिवशी बनत असलेल्या हाडात रेष उमटते. पदार्थाच्या निर्जीव कणात उमटत नाही. दाणा आणि हाड यांतला फरक छटांच्या आकड्यापेक्षा ही रेष प्रामाणिकपणे सांगते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. उंदीर माणूस नव्हे. त्याची कवटी कागदासारखी, तिच्यात आपल्यासारखा मधला मज्जेचा थर नावापुरता. त्याची हाडे भराभर सांधतात. मग उंदराच्या रिकाम्या भोकाने काय सिद्ध होणार? हा आक्षेप निम्मा खरा आहे, आणि युरिस्ट यांच्या प्रथिनांचा पुढचा प्रवास त्याचा पुरावा आहे. 1988 मध्ये त्यांची जनुके वेगळी झाली, 2002 मध्ये त्यांतल्या एका प्रथिनाला कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. उंदरात मायक्रोग्रॅमने भागणारे काम माणसाला दर मिलिलिटरमागे दीड मिलिग्रॅम इतके देऊन करावे लागले. प्राण्यांच्या पायऱ्या चढत जावे तसा डोस वाढत गेला. पुढे मानेच्या शस्त्रक्रियेत हे प्रथिन वापरल्यावर जीवघेणी सूज येते, असा इशारा 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला द्यावा लागला. उंदराने हाड घडते एवढेच सांगितले होते. किती द्यावे आणि आसपास काय बिघडेल हे सांगितले नव्हते. पण इथून ‘प्राण्यांची परीक्षा निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. या परीक्षेचे काम नापास करण्याचे आहे. ज्या उंदराच्या अंगी दुरुस्तीची इतकी ताकद आहे, त्याच्याही निर्णायक भोकात जो पदार्थ रिकाम्या भोकापेक्षा सरस ठरत नाही, तो माणसाच्या थकलेल्या, किरणोपचार झालेल्या, सत्तरीतल्या हाडात काही करील ही आशा धरायला कारण उरत नाही. पास झालेल्याला मात्र ससा, मग मेंढी किंवा माकड, मग माणूस असा रस्ता चालावाच लागतो.

हा रस्ता सोडला की काय होते, याचे उदाहरण न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. नोरियन नावाच्या कंपनीचे कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट हाडातल्या पोकळ्या भरण्यासाठी मंजूर होते, आणि त्याच कुटुंबातले सिमेंट कवटीच्या दुरुस्तीसाठीही विकले जाई. कवटीत किंवा मनगटात ते जागेवर राहते. मणक्यात मात्र ते दाबाने सोडावे लागते आणि शिरांत शिरू शकते. डुकरावरच्या प्राथमिक प्रयोगात या सिमेंटमुळे रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसांत गेल्याचे दिसले होते. वेष्टनावर मणक्याच्या फ्रॅक्चरसाठी वापरू नये असा इशाराही होता. तरीही कंपनीने 2002 ते 2004 या काळात ते मणक्यांसाठी, रीतसर परवानगीविना, शल्यविशारदांच्या हाती दिले. तीन रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावले. नोरियन आणि तिची मालक कंपनी सिंथेस यांनी 2010 मध्ये गुन्हा कबूल केला, आणि 2011 मध्ये चार अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. इथे प्राण्याने चुकीचे सांगितले नव्हते. डुकराने अगदी नेमके सांगितले होते, ऐकले गेले नाही. मंजुरी हाडातल्या पोकळीची होती, आणि धंदा जिवंत रक्तवाहिन्यांच्या शेजारच्या जागेचा होता.

प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न यापुढे टाळता येत नाही. रिकाम्या भोकाच्या गटातल्या उंदरांना कसलाही उपचार मिळत नाही. त्यांच्या डोक्यात भोक पाडून ते तसेच सोडले जाते. हे क्रूर आहे, आणि तसे म्हणायला संकोच वाटू नये. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार प्राण्यांची संख्या कमी करायची तर हाच गट सर्वांत आधी गाळावासा वाटतो. काही संशोधक तो गाळतातही, आणि नव्या पदार्थाची तुलना जुन्या पदार्थाशी करतात. दोन्ही भोके सारखी भरली तर ‘नवा पदार्थ जुन्याइतकाच चांगला’ असे छापले जाते. ती दोन्ही आपोआपच भरली नसती हे मात्र कुणी दाखवलेले नसते. अशा प्रयोगात उपचार मिळालेल्या प्राण्यांचेही हाल वाया जातात, आणि मला ही क्रूरता पहिलीपेक्षा मोठी वाटते. दुसरा मार्ग जास्त विचाराचा आहे. एकाच उंदराच्या कवटीत मधली शीर टाळून दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटरची दोन भोके पाडायची, एक भरायचे, एक रिकामे ठेवायचे. प्राणी निम्मे लागतात आणि प्रत्येक उंदीर स्वतःचाच साक्षीदार होतो. दाणे किंवा काच यांसाठी ही पद्धत चांगली आहे. प्रथिनांसाठी नाही, कारण विरघळणारे द्रव्य पलीकडच्या भोकापर्यंत पोहोचू शकते, आणि मग रिकामे भोक रिकामे राहत नाही. शिवाय 5 मिलिमीटरचे भोक निर्णायक आहे की नाही यावरच एकमत नाही. ते उंदराच्या वयावर, जातीवर आणि कडेचे आवरण किती शाबूत राहिले यावर ठरते.

याच ठिकाणी 1986 च्या व्याख्येची दुखरी जागा आहे. ‘सबंध आयुष्यात’ असे ती म्हणते, पण उंदराचे दोन-अडीच वर्षांचे आयुष्य संपेपर्यंत कोण थांबते? बहुतेक प्रयोग बारा आठवड्यांत आटोपतात. म्हणून पुढे अरुण गोसाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहारी दुरुस्ती सुचवली, की प्रयोगाच्या मुदतीत आपोआप न भरणारे भोक निर्णायक मानावे. ती मला मान्य आहे, पण एका अटीवर. मुदत ही आता व्याख्येचाच भाग झाली आहे, तेव्हा 8 मिलिमीटर हा आकडा एकटा लिहून भागणार नाही. उंदीर कोणत्या जातीचा, किती आठवड्यांचा, नर की मादी, किती काळ जगू दिला, आणि त्याच प्रयोगशाळेत, त्याच हातांनी पाडलेल्या रिकाम्या भोकात त्या मुदतीत किती टक्के हाड झाले, हे निबंधात पदार्थाच्या निकालाच्या आधी छापले गेले पाहिजे. अल्बींनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या रिकाम्या फटींचे दिवस मोजून छापले होते, आणि म्हणूनच त्यांच्या दाव्याची नेमकी हद्द आज आपल्याला ठरवता येते.